सर्वानुमते बत्तीस

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक खोली होती. तिथे उंदीर आणि वीज असे दोघेच राहत. एका सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकल्यावर तिचं रीतसर उद्घाटन झालं. आत पांढऱ्या टाइल्स लागल्या होत्या, दाराला तोरण होतं, आणि बाहेरच्या भिंतीवर संगमरवरी पाटी होती. पाटीवर अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि प्रमुख पाहुणे म्हणून आलेले नगरसेवक, अशी चार नावं कोरलेली. मीटररूमच्या पाटीवर वीज हा शब्द मात्र कुठेच नव्हता.

ही गोष्ट बोरिवलीची, ऐंशीनंतरच्या पाच-सहा वर्षांतली. इमारत तळमजला अधिक तीन, बिऱ्हाडं सोळा. बहुतेक जण कोकणातले, गिरणगावातल्या चाळींतून इकडे सरकलेले. चाळीतून सोसायटीत आलो म्हणजे आपण कोणीतरी झालो, असं सगळ्यांनाच वाटत असे. सेक्रेटरीसाहेबांना जरा जास्त. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांना सोडून गेली नव्हती. दूधवाला उशिरा आला तरी त्याच्याकडे ते लेखी खुलासा मागत.

तोवर मीटररूममध्ये प्रत्येक घराचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज होता. वायरमन लोक त्याला किटकॅट म्हणत. त्यात एक बारीक तार बांधलेली असे. घरात एकदम जास्त वीज ओढली गेली की ती तार वितळायची, घरात अंधार व्हायचा, आणि कोणीतरी जिन्यातूनच हाक मारायचं, "वायरमनदादा, आहात काय?" वायरमनदादा म्हणजे माझे बाबा. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांनी आयुष्य काढलं. संपानंतर गिरणी उघडली, ती त्यांच्याशिवाय. तेव्हापासून ते घरी होते आणि इमारतीचे फ्यूज बांधत होते. पैसे घेत नसत. स्लिपर घालून, पक्कड घेऊन खाली जात आणि परत येताना कोणी तरी फ्यूजमध्ये केसांची पिन घातली होती म्हणून पुटपुटत येत. कारण फ्यूज दोनदा गेला की लोक बाबांना बोलवायचा कंटाळा करून स्वतःच काहीतरी जाड घालत. पिन, खिळा, एकदा तर चॉकलेटची चांदी. मग दिवा जात नसे आणि घरातला कर्ता पुरुष आठवडाभर इंजिनीअरसारखा वावरत असे.

"फ्यूज घरासाठी नसता गो," बाबा मला सांगत. "तारेसाठी असता. घर काय, कितीव मागतला. तारेक झेपता तेवढाच द्यावचा."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला ऐकू येईनासं झालं होतं.

नव्या मीटररूममध्ये फ्यूज गेले आणि एम.सी.बी. आले. काळ्या रंगाचं बटण. जास्त वीज गेली की ते आपोआप खाली पडतं, तार बांधायची भानगड नाही, वर केलं की झालं. बाबांना ते मनापासून आवडलं. आपलं काम जाणार याचं दुःख त्यांना झालं नाही. उलट, आता पिन घालायला जागाच नाही म्हणून ते खूश होते. इमारतीतल्या तारा त्यांनी आधीच पाहिल्या होत्या. बिल्डरनं मीटरपासून प्रत्येक घरापर्यंत ॲल्युमिनियमची एकेरी तार ओढली होती, काडेपेटीतल्या काडीहून बारीक. तिच्यासाठी दहा अँपियरचं बटण पुरे, त्याहून मोठं नको, हे त्यांनीच कमिटीला सांगितलं. त्या वेळी कमिटीनं ऐकलं, कारण दहाचं बटण दुकानात समोरच होतं.

उद्घाटनाच्या दिवशी नगरसेवकांनी फीत कापली आणि लाउडस्पीकरवर बोलायला उभे राहिले. लाउडस्पीकरची वायर सेक्रेटरीसाहेबांच्या घरातून खाली सोडली होती. त्यांच्याच घरात पाहुण्यांच्या चहासाठी विजेची शेगडी लावली होती, गीझर चालू होता आणि कोणीतरी झेंड्याला शेवटची इस्त्री करून इस्त्री तशीच चालू ठेवून दिली होती. "या परिसराची प्रगती आता कोणीही रोखू शकत—" इथे नगरसेवकांचा आवाज गेला. ओठ हलत राहिले. नव्या खोलीतून टक असा छोटा आवाज आला होता, तो फक्त बाबांनी ऐकला.

तळमजल्यावरची मावशी सगळ्यांत आधी हसली. ही मावशी खाडीपलीकडची, कोळीण. रोज पहाटे म्हावरं घेऊन यायची, स्टेशनजवळच्या बाजारात बसायची. बाजार जवळ पडावा म्हणून तिनं तळमजल्यावरची जागा घेतली होती आणि उरलेलं म्हावरं ठेवायला घरात दोन फ्रिज ठेवले होते. तिचं हसणं बाजाराची सवय झालेलं, अंगणाला पुरून उरणारं.

बाबा पुढे झाले आणि नगरसेवकांना म्हणाले, "काही बिघडलां नाय साहेब. जास्त लोड झालो, ह्यो पडलो. त्याचां कामच ता."

आपल्या भाषणाच्या मध्येच पडणं हे एखाद्याचं काम असू शकतं, हे नगरसेवकांना पटलं नाही. सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या बटणाचं मरण तिथेच ठरलं.

पुढचे तीन आठवडे बटणं पडत राहिली. पूर्वी पिनांनी झाकलेला लोड आता उघडा पडत होता, एवढंच. पण लोकांना वाटलं, जुनंच बरं होतं. बाबा दारोदार सांगत होते की गीझर चालू असताना इस्त्री लावू नका. लोक हो म्हणत आणि लावत. एका रविवारी मावशी गोराईला भावाकडे गेली होती. मागे तिचं बटण पडलं. ती सोमवारी सकाळी आली तेव्हा दोन्ही फ्रिज कोमट झाले होते. कोलंबी आणि सुरमई, सगळं गेलं. ती म्हावऱ्याची पाटी घेऊन थेट आमच्या दारात आली आणि झाकण उघडून बाबांच्या पुढे ठेवली.

"घे, वास घे तुज्या दहाचा," ती म्हणाली. "मना सांग, हा मी कोणाला इकू?"

बाबांनी वास घेतला. "वाईट झालां," ते म्हणाले. "पण तुझी तार बारीक असा. ती बदल. तांब्याची जाड तार मीच ओढून देतंय."

"तार दिसतं का गिऱ्हाइकाला?"

"नाय दिसणा."

"मग?" ती पाटी उचलून गेली. आमच्या घरात दोन दिवस वास राहिला आणि आईनं ते दोन दिवस बाबांशी बोलणं टाळलं.

मी तेव्हा अंधेरीत एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. अक्षर चांगलं म्हणून सोसायटीनं मला सभेचं इतिवृत्त लिहायला धरलं होतं. लाल कापडी बांधणीचं जाड रजिस्टर होतं. फेब्रुवारीच्या शेवटी गच्चीवर सभा भरली तेव्हा मी ते मांडीवर घेऊन बसले होते. हजेरीच्या पानावर आधी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, मग सभा सुरू करायची, अशी पद्धत होती. बाबांनीही सही केली. गिरणीतल्या मस्टरवर करत तशी, सरळ आणि पूर्ण.

"तीन आठवड्यांत बटणं किती वेळा पडली याची मी नोंद ठेवलेली नाही," सेक्रेटरीसाहेबांनी सुरुवात केली. "नोंद ठेवायला उजेड लागतो."

सगळे हसले. मीही हसले. माणूस विनोदी होता, हे मान्य केलं पाहिजे.

तिसऱ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, "दुकानदार सांगतो बत्तीसचे मिळतात. बाहेरून सेम दिसतात. लावून टाका ना एकदाच, वर्षभर बघायला नको."

"बत्तीस म्हणजे तिपटीहून जास्त," सेक्रेटरी म्हणाले. ते असं म्हणाले की जणू तिप्पट काहीतरी आपल्याला फुकट मिळत होतं.

बाबा उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. उभं राहिलं की ते हात मागे बांधत, फोरमनपुढे उभं राहिल्यासारखे.

"बत्तीसचो लावलात तर तो पडाचो नाय," ते म्हणाले. "खरां. पण तार तीच ना? तारेक दहा झेपतत. तुमी तिच्यातून वीस ओढल्यात, तरी बत्तीसवालो गप. मगे फ्यूज कोण? तार. ती भिंतीत जळतली. आदी तार बदला, जाड तांब्याची घाला, मगे मोठो लावा. माझी ना नाय."

"तार बदलायची म्हणजे सोळा घरांच्या भिंती," खजिनदार म्हणाले आणि कपाळाला हात लावला.

"वायरमनदादा," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या अनुभवाचा आम्हांला आदर आहे. पण गिरणीत मशिनं होती. इथे माणसं राहतात."

"म्हणानच सांगतंय."

"दहाच्या जागी बत्तीस म्हणजे ताकद वाढली की नाही?" तिसरा मजला म्हणाला.

"ताकद नाय वाढली. दुखला तरी बोलाचो नाय, एवढाच."

"माजी कोलबी गेली तवा तरी तुजा बटन कुठं बोलला?" मावशीनं मागून विचारलं, आणि सभा पुन्हा हसली. बाबा उभेच होते. मला वाटलं, बसा आता. पुरे झालं. हे मला खरंच वाटलं, ते इथे लिहून ठेवते. गेली कित्येक वर्षं लग्नात, बारशात, कुठेही गेलं तरी बाबा आधी भिंतीवरची वायरिंग बघत आणि कोणाला तरी धरून समजावत. लोक घड्याळाकडे बघत. मला लाज वाटायची. त्या गच्चीवरही वाटली.

ठरावाला हात वर झाले. बाबांचे दोन्ही हात मागे बांधलेले राहिले. अध्यक्ष, जे सभेत कधी बोलत नसत, त्यांनी मान हलवली. मी लिहू लागले: मीटररूममधील दहा अँपियरचे एम.सी.बी. काढून सर्व सदस्यांच्या सोयीसाठी बत्तीस अँपियरचे बसवावेत.

"ठराव सर्वानुमते मंजूर," सेक्रेटरी माझ्याकडे वाकून म्हणाले.

"बाबांचा हात नव्हता," मी हळूच म्हणाले.

"अहो ताई, एका हातानं काय होतं? उगीच ऑडिटर विचारत बसतो, विरोध का, कोणाचा. आपल्या रजिस्टरात आजवर एकही विरोध नाही. चाळून बघा."

ते खरं होतं. पाण्याच्या वेळेवरून दोन सदस्यांनी एकमेकांच्या कॉलर धरल्या होत्या, तो ठरावही सर्वानुमतेच होता. आमच्याकडे भांडण तोंडानं करायचं आणि रजिस्टरात नांदायचं, अशी रीत होती. मी तो शब्द लिहिला. ऱ्हस्वदीर्घ बरोबर, रफार जागेवर. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं खोटं लिहिलं, आणि ते इतकं सुवाच्य लिहिलं की आजही ते पान मला डोळे मिटून वाचता येतं.

बत्तीसची बटणं बसली आणि इमारत शांत झाली. लोक एकमेकांना सांगत, बघा, एकदाही पडलं नाही. जसं काही न पडणं हाच विजेचा उद्देश. सेक्रेटरीसाहेबांनी मीटररूमला पितळी कुलूप घातलं, कारण पोरं टाइल्सवर खडूनं लिहीत, आणि किल्ली स्वतःच्या घरात खिळ्याला टांगली. बाबा म्हणाले, मीटररूमला कुलूप लावू नये. त्यांना सांगण्यात आलं की त्यांनी आता विश्रांती घ्यावी.

मावशीनं आइसक्रीमवाल्याकडून एक जुना डीप फ्रीझर घेतला. रॉकेल मिळेना म्हणून स्वयंपाकाला विजेची शेगडी आणली. एकदा ती आम्हांला सुके बोंबील द्यायला आली. राग गेला होता. बाबांनी तिच्याबरोबर खाली जाऊन दाराच्या चौकटीवरची लाकडी पट्टी, जिच्याखालून तार जात होती, तिला उलट्या हातानं स्पर्श केला.

"गरम लागता," ते म्हणाले.

"एप्रिल हाय. माजा डोका पण गरम हाय, त्याला पण हात लाव."

"मावशे, शेगडी चालू असताना फ्रीझर बंद कर. नायतर माका तार ओढूक दे."

"श्रावणात बघू," ती म्हणाली. श्रावणात म्हावऱ्याचा धंदा बसतो, तेव्हा तिला वेळ असे.

मे महिन्यातला रविवार होता, दुपारचे तीन वाजले असतील. मी प्रुफं घरी आणली होती. बाबा जमिनीवर झोपले होते. ते एकदम उठून बसले आणि म्हणाले, "रबर जळता." मला काहीच वास येत नव्हता. ते अनवाणीच जिना उतरले. मी मागे गेले तेव्हा तळमजल्यावर धूर दिसला.

मावशीच्या दारावरची पट्टी टोकापासून टोकापर्यंत काळी होत चालली होती. आतून जांभळट ठिणग्या निघत होत्या. घरातला स्वीच बोर्ड नेमका त्या पट्टीच्या खाली होता, तिथे हात घालणं शक्य नव्हतं. पट्टीला लागून असलेला पडदा पेटला. मावशीनं बादली उचलली.

"पाणी नको मारू," बाबा ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. "मेन बंद करूक व्हयी."

ते मीटररूमकडे धावले. दाराला पितळी कुलूप. मी पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीसाहेबांचं दार बडवलं. घरातली मंडळी मुलुंडला लग्नाला गेली होती आणि किल्ली आत खिळ्याला होती. बाबा म्हणाले, "वरवंटो आण." मी दोन जिने चढून स्वयंपाकघरातला वरवंटा आणला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. बाबांनी मेन स्वीचचा दांडा खाली ओढला आणि सबंध इमारतीतले पंखे एकदम थांबले. मावशीचं बत्तीसचं बटण तेव्हाही वर होतं, ताठ. घर जळत होतं आणि त्याला काही कळलं नव्हतं.

पण तोवर मावशीनं पडदा हातानं ओढून खाली पाडला होता. जळणारं प्लॅस्टिकचं अस्तर तिच्या उजव्या तळहाताला चिकटलं. त्या हातात तिचा कोयता असायचा. डॉक्टर म्हणाले, दोन महिने पाण्यात घालायचा नाही. कोळणीला सांगितलं, हात पाण्यात घालायचा नाही.

चौथ्या दिवशी नोटीसबोर्डावर नोटीस लागली. मला वाटलं आगीबद्दल असेल. ती कुलपाबद्दल होती. सोसायटीच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल संबंधित सदस्यानं आठ दिवसांत खुलासा करावा. त्या नोटिशीपुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मी तशी शांत बाई आहे. पण तेव्हा तो वरवंटा माझ्या हातात असता तर बोर्डाच्या काचेचाही खुलासा द्यावा लागला असता.

मग वीज कंपनीच्या कचेरीतून इन्स्पेक्टर आले. सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना आपल्या घरी बसवलं, सरबत दिलं आणि लाल रजिस्टर पुढे ठेवलं. बाबांना आणि मला बोलावलं होतं.

"ठराव सर्वानुमते झालेला आहे," सेक्रेटरी म्हणाले. "आमच्यात एक अनुभवी वायरमन सदस्य आहेत. सभेला हजर होते, ही त्यांची सही. त्यांची हरकत असती तर नोंद झाली असती. आम्ही सामान्य माणसं. आम्हांला काय कळतं?"

आयुष्यात त्या माणसानं स्वतःला सामान्य म्हटल्याचं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

इन्स्पेक्टर तरुण होते. त्यांनी रजिस्टर बाबांकडे वळवलं. "काका, सही तुमची?"

बाबांनी चष्मा लावला. त्यांनी सही पाहिली, मग पान उलटून ठराव वाचला. बोट ओळीवरून सावकाश पुढे नेत वाचला, आणि त्या शब्दावर बोट थांबलं. माझं अक्षर त्यांना मी पाटीवर अ गिरवला तेव्हापासून माहीत होतं.

"सही माझी असा," ते म्हणाले.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? इतकी वर्षं काम केलेला माणूस. दहाच्या तारेवर बत्तीस, हे शिकाऊसुद्धा करणार नाही."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे न बघता हात जरासा वर केला. मला गप्प करायला नाही, मला वाचवायला. इन्स्पेक्टरनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला समोरून उलटं वाचता आलं, तेवढं शिक्षण धंद्यानं दिलं होतं. जाणकार सदस्य उपस्थित, हरकत नाही.

आम्ही घरी आलो. मी म्हणाले, मी चुकले. त्यांनी चष्मा पुसून डबीत ठेवला.

"अक्षर बरां असा तुजां," ते म्हणाले.

मला मारलं असतं तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. मला त्यात नेहमी नाटकीपणा वाटे. त्या दिवशी वाटला नाही.

राग सेक्रेटरींचा येत होता, पण तो सोपा होता. पाटीवर नाव कोरून घेणारा माणूस नाव सांभाळणारच. हसणाऱ्या सभेचा येत होता. आणि या सगळ्यांच्या खाली, भिंतीतल्या तारेसारखा, स्वतःचा येत होता, तो कुठे पडायलाच तयार नव्हता. जूनमध्ये पुढची सभा लागली तेव्हा मला एकच गोष्ट आठवली: दर सभेच्या सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचून कायम करायचं असतं. तोवर ते कच्चं. ते वाचायचं काम माझं होतं.

गच्ची भरली होती. मावशी हाताला पांढरं फडकं बांधून कठड्यापाशी बसली होती. बाबा मागे. मी ठराव वाचला आणि शेवटच्या शब्दापाशी थांबले.

"ठराव सर्वानुमते मंजूर झाला असं इथे लिहिलं आहे. ते खोटं आहे. मी लिहिलंय, म्हणून मला माहीत आहे."

सेक्रेटरी म्हणाले, "ताई, ही चर्चेची जागा नाही. फक्त कायम करायचं आहे."

"दुरुस्ती करून कायम करायचं आहे. दुरुस्ती वाचते." आणि मी रात्री लिहून आणलेला कागद वाचला. बाबा जे बोलले होते ते, जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत. आदी तार बदला. दुखला तरी बोलाचो नाय. मागच्या वेळी ज्या ठिकाणी लोक हसले होते तिथे मी जरा थांबत होते. कोणी हसलं नाही.

"सभेच्या कागदात मालवणी चालत नाही," खजिनदार म्हणाले.

"मग सभेत चालली कशी?"

"याला पुरावा काय?" सेक्रेटरी म्हणाले. "कोणाच्या लक्षात आहे? शिवाय साहेबांनी अहवाल पाठवलेला आहे. आता रजिस्टरात खाडाखोड म्हणजे सोसायटीची अब्रू."

मावशी उठली. "मना हाय लक्षात. तो बोलला. सगळा सांगितला यानं, तार न् जळनं न् सगळा. आमी हसलो. सगल्यात जास्त मी हसली." तिनं फडकं बांधलेला हात वर केला. "हा घ्या. एक हात. लिव गो."

मग तिसरा मजला उठला, ज्यानं बत्तीसची कल्पना काढली होती तो, आणि खाली बघत त्यानं हात वर केला. मग आणखी काही. सगळे नाही, सहा-सात जण कठड्यापलीकडे बघत राहिले. मी मोजलं तेव्हा हात निम्म्याहून जास्त होते.

सेक्रेटरीसाहेबांना वारा कुठून आहे ते कळत असे. "ठीक आहे," ते म्हणाले. "सभेची इच्छा असेल तर माझं काही म्हणणं नाही. लिहा ताई, दुरुस्ती सर्वानुमते."

"तुमचा हात खाली आहे," मी म्हणाले.

"अहो, पण मी हो म्हणतोय ना."

"मी हात मोजले." आणि मी लिहिलं: दुरुस्ती बहुमताने मंजूर. सेक्रेटरी तटस्थ. त्यांनी रजिस्टर ओढून वाचलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्या सोसायटीच्या इतिहासातली ती पहिली नोंद होती जिच्यात कोणीतरी कोणाशी सहमत नव्हतं.

दुरुस्तीची नक्कल मी स्वतः वीज कंपनीच्या कचेरीत नेऊन दिली. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारून घेतली. त्याचं उत्तर कधी आलं नाही. म्हणजे ज्या कागदावर माझ्या बाबांची हरकत नव्हती, तो कागद कुठल्या तरी फायलीत अजून तसाच असेल. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, फाइल काय पेट घेत नाय. मला तेवढं मोठं मन नाही. कुलपाची नोटीस मात्र सेक्रेटरीसाहेबांनी गुपचूप काढली. खुलासा कोणी दिला नव्हता. मीटररूमला पुन्हा कुलूप लागलं नाही, आणि आईनं फुटक्या कडेचा वरवंटा परत वापरायला नकार दिल्यामुळे तो दाराला टेकण म्हणून तिथेच राहिला. संगमरवरी पाटीही राहिली.

बाबांनी त्या सभेत एकच गोष्ट मागून घेतली होती. सोळाही घरांची तार ते स्वतः मोजणार आणि तिला पेलेल तेवढंच बटण लावणार. पहिलं घर मावशीचं. तिथे त्यांनी सात पदरांची तांब्याची तार ओढली, फ्रीझरसाठी वेगळी आणि शेगडीसाठी वेगळी, आणि मग हवं तेवढं मोठं बटण लावलं. मावशी एका हातानं शिडी धरून उभी होती. बाकीच्यांनी भिंती फोडायला नको म्हटल्यामुळे त्यांना पुन्हा दहा मिळालं.

मीटररूममध्ये प्रत्येक घराच्या बटणाच्या डबीत एक कार्ड चिकटवायचं ठरलं: तार कुठली, तिला किती झेपतं, याहून मोठं लावू नये. कार्ड लिहायचं काम बाबांनी मला दिलं. मी एका संध्याकाळी सोळाही कार्डं लिहून टाकावी म्हणून बसले. मावशीचं घर सोडलं तर तारा सगळ्या सारख्याच होत्या, बिल्डर एकच होता. बाबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याऐवजी तार मोजायची लोखंडी चकती दिली, कडेला खाचा असलेली, गिरणीतली.

सेक्रेटरीसाहेबांच्या घरी मी स्टुलावर चढले तेव्हा ते खाली खुर्चीत बसून बघत होते. "सगळीकडे तीच तार आहे ना?" ते म्हणाले. "मग लिहून टाका आणि उतरा. उगीच वेळ."

मी बाबांकडे बघितलं. ते मेन बंद करून आले होते, बॅटरी धरून उभे.

"आदी बघ," ते म्हणाले. "मगे लिही."

मी तारेचं टोक सोललं आणि एकेका खाचेत घालून बघू लागले. तीच निघाली, काडीहून बारीक. मग मी खाली उतरून कार्ड लिहिलं.